फेटा बांधून ब्रोमोच्या काठावर

पालकसभेत कुणी विचारल्याशिवाय हात वर करू नये, ही या लेखातली पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची सूचना.

माझी नात प्रज्ञा माजलगावच्या शाळेत नववीत आहे. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना इंडोनेशियातल्या जावा बेटावर ज्वालामुखी दाखवायला न्यायचं, असं शाळेनं ठरवलं. सभेत भूगोलाच्या पठाण मॅडम पडद्यावर धूर ओकणारे डोंगर दाखवत होत्या आणि आईबाप कौतुकानं बघत होते. आमच्या घरात काळजीचं खातं माझ्याकडे आहे. मुलगा आमच्या तलवाड्याहून बीडला निघाला तरी तो पोचल्याचा फोन येईपर्यंत मी जेवत नाही. मी उठलो आणि हात वर केला.

"मॅडम, दर पोरामागं घरचं एक मोठं माणूस पाहिजे. आन ते माणूस जिथवर चढंल तिथवरच पोरगं चढंल. नियमच करा तसा."

मला वाटलं होतं, एवढी कटकट नको म्हणून शाळा सहलच रद्द करेल. झालं उलटंच. टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅडम म्हणाल्या, "साळवेबाबांची सूचना मंजूर!"

घरी आल्यावर हिशेब लागला. मुलगा पाटबंधारे खात्यात आहे. कालव्याला उन्हाळी पाळीचं पाणी सुटलेलं, त्याला रजा मिळेना. सुनेकडे पासपोर्ट नाही. घरात एकच पासपोर्ट जिवंत होता, तो माझा. विहारातल्या मंडळींबरोबर श्रीलंकेला जायचं ठरलं होतं तेव्हा काढलेला. ते जाणं बारगळलं आणि पासपोर्ट तसाच कोरा राहिला. सगळ्यांनी जेवता जेवता माझ्याकडे बघितलं.

"आबा," प्रज्ञा म्हणाली, "नियम तुमचा, पासपोर्ट तुमचा. आता तुमी न्हाई आलात तर मीबी न्हाई."

मी सातवीपर्यंत शिकलेला, साखर कारखान्याच्या गेटवर हंगामी वॉचमन म्हणून जन्म काढलेला माणूस. मला शिडीवर चढून माळ्यावरचा डबा काढायचा म्हटला तरी डोळे फिरतात. नाही म्हणणार होतो. पण सहलीच्या कार्यक्रमात एक नाव दिसलं, बोरोबुदूर. मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "बाबा, मोठ्ठा बौद्ध स्तूप आहे तो. ज्वालामुखीच्या दगडातून बांधलेला." मी फोन ठेवला आणि हो म्हणालो.

मनात मात्र वेगळा बेत शिजत होता. स्तूप जवळून बघायचा आणि ज्वालामुखी लांबून. प्रज्ञाला तसं सुचवूनही बघितलं.

"लांबून तर आपल्या कारखान्याचा धूरबी दिसतो, आबा," ती म्हणाली. तिला ब्रोमोच्या काठावर उभं राहून आत बघायचं होतं. आत म्हणजे थेट डोंगराच्या पोटात. चौथीपासून तिचं एकच चाललंय, जमिनीखाली काय आहे. नियम होता तसा माझ्या गुडघ्यांवर तिचं सगळं अवलंबून होतं आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

निघालो

आता थोडं कामाचं. व्हिसा घरबसल्या ऑनलाइन मिळतो, मुलानं मोबाइलवरून काढला. पैसे मुंबईतच थोडे बदलून घ्यावेत, बाकी तिथं. एक लाख रुपियाची नोट म्हणजे आपले पाच-साडेपाचशे रुपये. चहाला दहा हजार सांगितले की छातीत धस्स होतं, मग हिशेब करून हसायला येतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या खिशात लाखांनी पैसे होते आणि मी दर थोड्या वेळानं खिसा चाचपत होतो.

बीडमध्ये ऊन मी म्हणत होतं. तरी मी माकडटोपी भरली, मुलगा हसला. त्या टोपीचं पुढं काय झालं ते वाचाच. खायला धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि बाटलीभर ठेचा.

माजलगावहून शाळेची बस सकाळीच सुटली. बीड, नगर करत मुंबई. नगरच्या पुढं एका ढाब्यावर पिठलं-भाकरी खाल्ली. तिथं तात्यांची नीट ओळख झाली. तात्या म्हणजे माजलगावकडचे ऊसवाले बागायतदार, माजी सरपंच, शाळेच्या संस्थेवर संचालक. नातवाबरोबर आले होते. नियम सगळ्यांनाच लागू. त्यांच्याकडे दोन बॅगा होत्या. एकीत कपडे, दुसरीत फक्त सत्काराचं सामान. शाली, फेट्यांचं कापड, नारळ. आमच्या भागात तलाठ्याची बदली होवो की पोराला नोकरी लागो, माणसाला फेटा बांधल्याशिवाय कुणी सोडत नाही. तात्यांना वाटत होतं, परदेशात गेल्यावर आपण कमी पडता कामा नये.

विमानतळावर तपासणीच्या यंत्रातून तात्यांची बॅग गेली आणि तिथंच थांबली. तपासणीवाल्या बाई म्हणाल्या, नारळ हातातल्या सामानात चालणार नाहीत.

"अहो बाई, नारळ हाय तो. बाँब न्हाई!" तात्या मोठ्यानं बोलले.

मी त्यांचं तोंड दाबायचंच बाकी ठेवलं. "तात्या, हितं तो शब्द काढू नका! समद्यांना आत टाकतील!"

आत कुणाला टाकलं नाही, पण तात्यांना बाजूला घेऊन बराच वेळ विचारपूस झाली. नारळ गेले. जाताना तात्या त्या बाईंनाच शाल द्यायला निघाले, "ड्युटी लई चोख हाय तुमची" म्हणत. मॅडमनी त्यांचा दंड धरून ओढत नेलं. तेव्हा वाचणाऱ्यांनो, सत्कार करायचाच असेल तर शालीवर भागवा.

विमानात मी बसल्याबसल्या सीटखाली हात घालून ते समुद्रात तरंगायचं जॅकेट खरंच आहे का ते बघितलं. होतं. मग प्रज्ञाच्या सीटखालचंही बघितलं. उडताना डोळे मिटले ते ढगांच्या वर गेल्यावर उघडले. खाली कापूस पिंजून ठेवल्यासारखं दिसत होतं आणि माझ्या तोंडून "आयला" निघालं. प्रज्ञा इतकी हसली की पुढच्या रांगेतल्या माणसानं वळून बघितलं. क्वालालंपूरला विमान बदललं आणि पुढं योग्यकार्ता. तिथली माणसं लाडानं जोग्जा म्हणतात.

जोग्जा: जीप, धूळ आणि गाईचा सांगाडा

विमानतळाबाहेर आमचा गाइड आगुस उभा होता. बुटका, हसरा, वयानं माझ्या मुलाएवढा. इंग्रजीत बोलायचा, मॅडम आणि मुलं आम्हाला सांगायची. तो नमस्ते म्हणतो न म्हणतो तोच तात्यांनी बॅग उघडली. ठेवणीतला केशरी फेटा. रस्त्यातच बांधणी सुरू. सत्कारात माझं काम ठरलेलं असतं, बाजूला ताट धरून उभं राहायचं. तिथं ताट नव्हतं म्हणून मी पाण्याची बाटली धरली. आगुसला तो फेटा इतका आवडला की शेवटपर्यंत तो रोज सकाळी तात्यांकडून बांधून घ्यायचा. गर्दीत गाइड हरवायची माझी एक काळजी मिटली. केशरी ठिपका दिसला की तिकडं चालायचं.

दुसऱ्या दिवशी मेरापी. हा जिवंत ज्वालामुखी जोग्जाच्या डोक्यावरच बसलाय. पायथ्याला जुन्या उघड्या जीप मिळतात. एका जीपला चार-पाच लाख रुपिया सांगतात, म्हणजे आपले अडीच हजारांच्या आतबाहेर, चौघांत वाटून घ्यायचे. डोक्याला हेल्मेट देतात. ते दिलं म्हणजे डोकं आपटणार, हे मी लगेच ओळखलं, आणि तसंच झालं. खड्ड्यातून जीप उडाली की मुलं आरोळ्या ठोकत होती. मी देवाचं नाव घेत नाही, म्हणून जीपवाल्याचं नाव विचारून घेतलं आणि तेच घेत होतो.

राखेत सापडलेल्या घराचं एक छोटं संग्रहालय आहे तिथं. वितळलेल्या बाटल्या, सायकलचा नुसता सापळा, आणि दाराशी एका गाईचा सांगाडा. तात्या त्याच्या मानेशी वाकले. "दावं सोडायला येळ मिळाला नसंल," एवढंच म्हणाले.

मॅडमनी मुलांना गोळा केलं. मूठभर काळी रेती उचलून विचारलं, "ही बघून काय आठवतं?" मुलं रेतीला बोटं लावून बघत होती. "अरे, तुमच्या घरामागचं रान आठवत नाही का? आपली काळी माती अशाच लाव्हाची आहे. फार फार जुन्या. आपला सगळा मराठवाडा, खाली दगड बघा, थिजलेला लाव्हाच आहे."

"म्हंजे मी जन्मभर ज्वालामुखीवरच झोपलोय?" मी विचारलं.

"आणि घोरलाय पण, आबा," प्रज्ञा म्हणाली. जीपवाल्यालाही कुणीतरी ते सांगितलं आणि तोही हसला. शेवटी जीप ओढ्याच्या पाण्यात जोरात घालतात आणि सगळ्यांना भिजवतात. कपड्यांचा एक जोड जास्तीचा न्यावा.

हॉटेलात खोल्या दोघादोघांच्या. माझ्या वाट्याला तात्या आले. तिथं भात चांगला मिळतो, शेंगदाण्याच्या रस्सेदार चटणीबरोबर भाज्या मिळतात, पण सगळ्यावर गोडूस चव. तिसऱ्या जेवणाला तात्यांचं तोंड उतरलं. अंघोळ करून मी बाहेर येतो तो हे माझी पिशवी उचकून बसलेले.

"साळवे, ठेचा हाय का संपवला बे एकट्यानं?"

माझ्या वडिलांच्या काळात तात्यांसारख्यांच्या दारात आम्हाला पाणी वरून ओंजळीत मिळायचं. आता तात्या माझ्या बाटलीत बोट घालून चाटत होते आणि डोळ्यांतून पाणी काढत म्हणत होते, "कुणी केलाय? सुनबाईनं? वा! हिचा सत्कार करायला पायजे." मी म्हणालो, बोट नका घालू, चमचा घ्या. ठेचा लवकर खराब होतो, एवढंच कारण.

बोरोबुदूर

इथं वर चढायचं तिकीट वेगळं काढावं लागतं आणि तेही आधी, रोज ठरावीकच माणसं सोडतात. परदेशी लोकांना महाग पडतं, पण त्यात काटकसर करू नका. दगड झिजू नये म्हणून विणलेल्या चपला देतात. त्या घालून घरी न्यायला मिळतात.

झाडांतून बाहेर आलो आणि समोर तो स्तूप दिसला. काळा दगड, आपल्या विहिरीला निघतो तसलाच काळा, आणि त्याचा डोंगरच्या डोंगर रचलेला. पुढचं मला सलग आठवत नाही. एवढं आठवतं की भिंतींवर कोरलेली माणसं, हत्ती, नावा बाजूनं सरकत होत्या आणि मी वर चाललो होतो. वरच्या मजल्यावर जाळीदार दगडी घंटा आहेत आणि प्रत्येकीत एक बुद्ध बसलेला. मी हात जोडले, त्रिशरण म्हटलं. लांब मेरापी धूर सोडत होता. वारा होता. श्रीलंका राहून गेली, याचं दुःख तिथं कुठंतरी गळून पडलं. मी वेड्यासारखा हसत होतो आणि दर भेटेल त्या माणसाला नमस्कार करत होतो. एका जपानी बाईनं माझ्यासोबत फोटो काढला.

मागून प्रज्ञा धापा टाकत आली. "आबा, गुडघे कुठं ठेवून आलात?"

मला तेव्हा कळलं की मी तिचा हात केव्हाच सोडला होता.

रेल्वेतली गोष्ट

जोग्जाहून सुराबायाला रेल्वेनं गेलो. गाडी स्वच्छ, वेळेवर, डब्यात जेवणही मिळतं. दोन्हीकडे भाताची हिरवी खाचरं आणि मागं निळे शंकूसारखे डोंगर. सगळी मुलं खिडक्यांना चिकटलेली. मी मनातल्या मनात ब्रोमोच्या पायऱ्यांचा विचार करत होतो. आगुसनं फोटो दाखवले होते. एका सरळ रेषेत आभाळाकडे जाणारा जिना आणि वर अरुंद काठ, एका हाताला भोक. मला फोटो बघूनच घाम फुटला होता.

"प्रज्ञा," मी म्हणालो, "ब्रोमोला आपण खालीच थांबू. मॅडम फोटो काढतीलच की. तेवढंच बघायचं."

ती बाहेर बघत होती. मग न वळता बोलली.

"परवा तुमी माझा हात सोडून पुढं गेलतात. तवा नियम कुठं गेलता?"

"ते येगळं हाय, बाळा."

"तुमच्या बुद्धासाठी तुमाला गुडघे येतात. माझ्या ज्वालामुखीसाठी कावून न्हाई?"

समोर तात्या पेपरात तोंड घालून बसले होते. पेपर इंडोनेशियाचा होता, त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. तरी ते त्यातून तोंड बाहेर काढेनात. मी तिला पिशवीतलं धपाटं दिलं. तिनं घेतलं नाही.

ब्रोमो

सुराबायाहून बसनं निघून डोंगर चढत चमोरो लावांग नावाच्या गावात पोचलो. हे गाव जुन्या ज्वालामुखीच्या प्रचंड खड्ड्याच्या कडेवरच आहे. थंडी म्हणजे दात वाजतील अशी. माकडटोपी मी दाराशीच चढवली. माझ्याकडे बघून आमच्यातले निम्मे पालक तिथल्या दुकानात टोप्या घ्यायला धावले. मुलाला मी फोटो पाठवला. गावातली माणसं अंगाभोवती लुगड्यासारखं कापड गुंडाळून फिरतात. त्यांनी उभ्या भिंतीसारख्या उतारावर कोबी, बटाटा आणि कांद्याची पात लावलीय. तात्या तासभर तेच बघत होते. "हितं बैल न्यायचा कसा?" एवढाच त्यांचा प्रश्न.

बाकीचे पर्यटक सूर्योदयासाठी अंधारात निघतात. मॅडमनी सांगितलं, मुलांना उजेडात नेईन. आम्ही नाश्ता करून निघालो आणि ते फार बरं झालं, कारण तोवर गर्दी परतत होती. जीप खाली उतरली ती थेट वाळूच्या समुद्रात. सगळीकडे करडी राख, मैलच्या मैल, मधे एक देऊळ, आणि पुढं तो ब्रोमो. टोक कापल्यासारखा बुटका डोंगर, त्यातून पांढरा धूर, आणि एक घरघर, जी कानांपेक्षा पोटाला जास्त ऐकू येते. तोंडाला मास्क लावा आणि मोबाइल राखेपासून जपा.

जिन्याच्या पायथ्यापर्यंत घोडे जातात. तात्या घोड्यावर बसले. जागेवर उतरताच त्यांनी बॅग उघडली आणि आमच्यासोबत चालत आलेल्या जीपवाल्याचा सत्कार काढला. मग घोडेवाल्याचा. मग भाषण. "भारत आन इंडोनेशिया हे दोन देश..." असं चाललेलं असताना आगुस माझ्याजवळ अस्वस्थ उभा होता. तो मॅडमना म्हणाला, वारा आत्ता पलीकडे आहे, धूर तिकडं जातोय. वळला की काठ बंद करतील. जायचं तर आत्ताच.

मॅडमनी टाळी वाजवली. जोड्या जोड्या जिन्याकडे निघाल्या. तात्यांचा नातू त्यांच्या आधीच दुसऱ्या मुलांमागं पळाला.

मी पहिल्या पायरीवर बसलो. वर बघितलं की तो जिना मागं कलंडतोय असं वाटायचं. प्रज्ञा माझ्या शेजारी बसली. रडली नाही, चिडली नाही. खाली वाकून राख मुठीत घ्यायची आणि बोटांतून सोडायची.

तात्या खाली थांबले. "काय साळवे? मुहूर्त बघायलाव का?"

"तात्या, न्हाई जमत. डोळे फिरतात माझे. तुमी जावा."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. घोडेवाल्याला खूण करून बॅग मागवली. आत हात घालून शेवटचा फेटा काढला. गुलाबी होता. परत जाताना विमानाच्या पायलटसाठी राखून ठेवलाय, असं ते येताना म्हणत होते.

"टोपी काढा."

"कावून?"

"काढा म्हणलं ना बे."

त्यांनी माझी माकडटोपी ओढून काढली आणि कापडाचं एक टोक माझ्या दातात दिलं. मला बोलता येईना. फेरे पडायला लागले. घट्ट, सरावाचे. फेरे घेता घेता ते आजूबाजूला जमलेल्या घोडेवाल्यांना, फुलं विकणाऱ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होते, ज्यातलं त्या लोकांना एक अक्षर कळत नव्हतं.

"ह्या सहलीचे प्रमुख पाहुणे, तलवाड्याचे श्रीयुत साळवे! ह्यांनी सभेत हात वर केला म्हणून आमी समदे म्हातारे विमानात बसलो. न्हाईतर घरचे मला शेताच्या पुढं नेतात व्हय? नातवाबरोबर मी कधी चार दिस राहिलो असतो? हा नियम केला ह्यांनी. टाळ्या!"

त्या बायांनी टाळ्या वाजवल्या. आगुसही वाजवू लागला. घोडेवाल्यानं शिट्टी मारली. मी कारखान्यात इतके सत्कार बघितले. चेअरमनचे, साहेबांचे, कधी कुणाच्या मेव्हण्याचे. मी गेटवर असायचो. हंगामी माणसाचा निरोपसमारंभ नसतो, उसाचं गाळप संपलं की गेट बंद होतं. तात्यांनी तुरा वर काढला, शेमला मागं सोडला आणि दोन पावलं मागं सरून बघितलं.

"आता बसून दाखवा," ते म्हणाले. "फेटा बांधलेला माणूस पायरीवर बसलेला मी तरी बघितला न्हाई."

मीही नव्हता बघितला. उठलो. प्रज्ञानं लगेच हात पुढं केला आणि यावेळी मी तो सोडायचा नाही असं ठरवलं. आधारासाठी म्हणा हवं तर.

जिन्यावर राख साचून पायऱ्यांचे उतार झाले होते. मी वर बघितलं नाही, खाली बघितलं नाही, प्रज्ञाच्या टाचांकडे बघत गेलो. मधे थांबलो तेव्हा ती थांबली. मागून तात्या धापा टाकत म्हणत होते, "थांबू नका, मला थांबावं लागतंय." वरून उतरणारे लोक माझ्या डोक्याकडे बघून बाजूला व्हायचे आणि वाट द्यायचे. हा फेट्याचा फायदा कुणी सांगत नाही.

आणि मग पायऱ्या संपल्या.

काठ खरंच अरुंद आहे. मी कठड्याला धरून आधी उकिडवा बसलो आणि मग डोकं वर काढलं. मला वाटलं होतं लाल आग दिसेल. तसं काही नाही. खोल, फार खोल, पिवळट करड्या भिंतींचं एक नरसाळं, आणि तळाशी पांढरी वाफ जोरात सुटलेली. आवाज ऐकला आणि मला हसू आलं. बॉयलरची जादा वाफ सोडली की कारखान्यात हाच आवाज व्हायचा. तेव्हा शेजारची नवी पोरं घाबरून पळायची आणि आम्ही गेटवाले बिडी ओढत बसायचो. मी उभा राहिलो.

प्रज्ञा कठड्यावर पोटानं टेकली होती. "आबा! बघा! बघा की!" तिचा आवाज त्या घरघरीत बुडत होता. ती मला सांगत होती की पिवळं ते गंधक, भिंतीवर थर दिसतात ते वेगवेगळ्या वेळच्या स्फोटांचे, आणि मधेच बोलणं विसरून नुसती उड्या मारत होती. एवढा आनंद मी कुणाच्या तोंडावर जवळून बघितला नव्हता. मी तिच्या पाठीवर हात ठेवून आत बघत राहिलो आणि माझ्याही तोंडून पुन्हा पुन्हा "आयला, आयला" एवढंच.

तेवढ्यात वारा वळला. गंधकाचा भपकारा आमच्यावर आला, डोळे झोंबले, खोकला सुरू. मास्क पुरेनात. मी फेटा ओढला, एक टोक तिच्या तोंडावर धरलं, दुसरं माझ्या. मधलं कापड आमच्या दोघांत फडफडत होतं. धूर सरला तशी आम्ही टोकं सोडली, आधी तिनं की आधी मी यावर अजून वाद आहे, आणि गुलाबी कापड उलगडत वर गेलं, क्षणभर आभाळात तरंगलं आणि हळूहळू खड्ड्यात उतरत गेलं.

"अरं फेटा गेला की बे!" तात्या ओरडले.

काठावरच्या तिथल्या लोकांनी आनंदानं हात जोडले. त्यांच्यात या डोंगराला फुलं, भाजीपाला, धान्य वाहायची चाल आहे. आगुस मॅडमना म्हणाला, यांना सांगा, डोंगरानं भेट घेतली, फार चांगलं झालं.

"मी नवस मानत न्हाई," मी घाईघाईनं म्हणालो. "चुकून गेला तो. त्यांना सांगा."

तोवर प्रज्ञा, तात्या, मॅडम सगळेच हसायला लागले होते. मीही. जिवंत ज्वालामुखीच्या काठावर आम्ही पोट धरून हसत होतो आणि वनखात्याचा माणूस हातवारे करून खाली उतरा म्हणत होता.

परत

सुराबायाहून क्वालालंपूर, मग मुंबई, मग बसनं माजलगाव. तलवाड्याला उतरलो तर ऊन तसंच. बुटातून राख निघाली ती सुनेनं अंगणात झाडून टाकली.

लोक विचारतात, एवढा खर्च करून काय मिळालं? वर्षभर साठवून जाता येतं आणि म्हाताऱ्यांनी जावं, एवढं सांगतो. गुडघ्याला पट्टा, मास्क, टोपी, ठेचा. बोरोबुदूरचं तिकीट आधी काढा, ब्रोमोला उजेडात जा. काळजी कमी झाली का? नाही. विमान उतरताना मी दोन्ही सीटखालची जॅकेटं परत चाचपली.

पण मागच्या महिन्यात शाळेनं लोणारला मुलींचं विज्ञान शिबिर ठेवलं. तिथं पालकांना परवानगी नव्हती. रात्रीच्या जेवणात मुलगा म्हणाला, "एकटी कशी पाठवायची?" आणि सवयीनं सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, नाही म्हणायला.

"जाऊ द्या तिला," मी म्हणालो.

बसच्या खिडकीशी उभा राहून मी प्रज्ञाला पाण्याबद्दल, कड्याबद्दल, अनोळखी माणसांबद्दल गाडी सुटेपर्यंत सांगत होतो. ती हो आबा, हो आबा म्हणत होती आणि मैत्रिणीशी बोलत होती. गाडी वळली. मी तिच्या मागं गेलो नाही. स्टँडवर चहा घेतला. काळजी अजून तेवढीच आहे, पण ती आता माझ्यापाशी ठेवतो, तिच्या दप्तरात भरून देत नाही.

तेवढ्यात तात्यांचा फोन.

"गेली का पोरगी?"

"गेली."

"आन तुमी कुठं हाव?"

"हितंच, स्टँडवर."

"खरं सांगा, मागच्या गाडीत न्हाई ना बसलात?"

"न्हाई हो, तात्या."

मग ते म्हणाले, "चहा घ्या अजून एक. माझ्यातर्फे."